नंबर आहे, नाव आहे, मेडलचा रकाना कोरा : तुमचे अनुभव सांगा

गिरणामाय, चाळीसगाव तालुका

जय हिंद सगळ्यांना. धागा काढायचं कारण आमचे आप्पा. १९६९ ला फौजेत भरती झाले, १९८४ ला पेन्शनवर आले, मधे ७१ ची लढाई पूर्वेला, आताच्या बांगलादेशातल्या जेसोरच्या बाजूला. हे सगळं आम्हाला लहानपणापासून पाठ आहे कारण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही पोरी झोक्यावर गाणी म्हणायचो आणि आप्पा ओट्यावर बसून गल्लीतल्या पोरांना जेसोरचं सांगायचे.

मागच्या महिन्यात ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कामासाठी त्यांचं डिस्चार्ज बुक, नोकरी संपताना मिळतं ते, काढलं आणि खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं. मेडलच्या रकान्यात एकच नोंद, नऊ वर्षं सेवेचं मेडल. ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांचं 'पूर्वी स्टार' नाही, त्याच लढाईचं संग्राम मेडल नाही, एवढंच काय १५ ऑगस्ट १९७२ ला जे जे नोकरीत होते त्यांच्यासाठी निघालेलं स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल पण नाही. आप्पांना विचारलं तर म्हणे रिबन तर लावत होतो ना मी, मेडल मागून येतील असं सांगितलं होतं. मागून म्हणजे कधी, पन्नास वर्षं होऊन गेली. मग थोडा वेळ गप्प बसले आणि आईला म्हणाले, "मी तठे व्हतू ना, मंग कागदवर काबर नई?"

तेव्हापासून मला झोप नाही. ज्यांनी अशी दुरुस्ती करून घेतली त्यांनी सगळं लिहा, काय कागद लागले, किती दिवस गेले, कुठे अडलं. ज्यांचं झालं नाही त्यांनीही लिहा. आप्पा पंच्याहत्तरीत आहेत, तब्येत बरी आहे, पण मला आता वेळ घालवायचा नाही.

जुना बाबू, धुळे

ताई, मी २४ वर्षं फौजेत क्लर्क होतो, हवालदार म्हणून पेन्शन आलो, त्यामुळे हे आतून कसं होतं ते सांगतो. फौजेत माणसाची कोणतीही गोष्ट, लग्न, पोरगं, कोर्स, पोस्टिंग, मेडल, पार्ट टू ऑर्डर निघाली तरच झाली असं धरतात. युनिटमधे क्लर्क ऑर्डर काढतो, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलवर, म्हणजे माणसाच्या सेवेच्या मूळ नोंदीवर, चढते, आणि डिस्चार्ज बुक शेवटी त्या शीट रोलवरून भरतात. म्हणजे मधला एक कागद निघाला नाही की पुढचं सगळं कोरं. लढाईची मेडल तर लढाई संपल्यावर जाहीर होतात, याद्या मागवायला वेळ जातो, तोवर युनिट दुसरीकडे हललेलं असतं, माणूस पोस्टिंगवर गेलेला असतो, जुनं युनिट म्हणतं नवीनवाले करतील, नवीन युनिट समजतं जुन्यांनी केलंच असेल.

मी स्वतः अशा याद्या टाईप केल्या आहेत. सुट्टीवर गेलेला, दवाखान्यात असलेला, कोर्सला गेलेला आणि दुसऱ्या युनिटला अटॅच असलेला, या चार जणांची नावं सुटायची. कोणी मुद्दाम करत नव्हतं, पण सुटायची, आणि ज्याचं सुटलं त्याला घरी येऊन वीस तीस वर्षांनी कळायचं. माझ्या हातून पण एखादं सुटलं असेल का हा विचार मला अजून त्रास देतो, म्हणून असं कोणाचं काम आलं की मी बसतो.

तुमच्या आप्पांचं २५ व्या वर्षाचं मेडल सगळ्यात सोपं. भरती १९६९, डिस्चार्ज १९८४, दोन्ही तारखा त्याच बुकात आहेत, म्हणजे १५ ऑगस्ट ७२ ला ते नोकरीत होते याचा पुरावा बुकच देतं. त्याचा अर्ज वेगळा करा, पूर्वी स्टारच्या अर्जात मिसळू नका, नाहीतर अवघड कामामागे सोपं काम पण लटकतं. पूर्वी स्टारला ते स्वतः त्या भागात होते हे दाखवावं लागेल, युनिट कधी कुठे होतं याची नोंद फौजेकडे असते, प्रश्न एवढाच की त्या दिवसांत आप्पा युनिटबरोबर होते का.

अर्ज ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला. तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. वर आर्मी नंबर, रँक, नाव, युनिट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. सोबत डिस्चार्ज बुकच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, कोरी पानं पण, आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकाला भेटा, त्यांच्या पत्रासोबत गेलेला अर्ज बरा. स्पीड पोस्टने पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

घाटातला ड्रायव्हर, साक्री

माझं कारगिलचं सांगतो. १९९९ ला मी गाडीवर होतो, श्रीनगरहून झोजिलाच्या पलीकडे द्रासपर्यंत दारूगोळा आणि रेशन न्यायचो, रात्री लाईट बंद करून, पुढच्या गाडीचा मागचा बारीक दिवा बघत. माझं मूळ युनिट खाली होतं, मी दोन महिने दुसऱ्याकडे अटॅच. नंतर काय झालं की मूळ युनिटच्या यादीत माझं नाव गेलं आणि मला ऑप विजय मेडल, म्हणजे कारगिलच्या मोहिमेचं मेडल, लागलं, जे बाकी ठिकाणी तैनात असलेल्यांना होतं. जे प्रत्यक्ष त्या पट्ट्यात होते त्यांना ऑप विजय स्टार. मी पट्ट्यातच होतो, पण कागदावर नव्हतो.

घरची पत्रं काढली, वाटलं पुरावा सापडला. पण इनलँडवर काय, ५६ एपीओ, फौजी टपालाचा पत्ता. जागेचं नाव लिहायला बंदीच होती. बायकोने सगळी पत्रं जपून ठेवली होती बिचारीने, एकात पण द्रास शब्द नाही.

काम झालं ते दवाखान्याच्या कागदाने. एकदा गाडी वळणावर घसरून माझं मनगट मोडलं होतं, तिथल्या फिल्ड हॉस्पिटलला दोन दिवस होतो आणि त्याची चिठ्ठी, तारखेसकट, ट्रंकेत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत निघाली. ती आणि तेव्हाच्या कॉन्व्हॉयच्या एका सुभेदार साहेबांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. पहिलं उत्तर नाही म्हणून आलं, दुसऱ्या वेळेस चिठ्ठी जोडली तेव्हा मूव्हमेंटची नोंद शोधली गेली. एकूण दोन वर्षं चार महिने. म्हणून म्हणतो, ताई, आप्पांची ट्रंक तळापर्यंत रिकामी करा, मेडिकलचे कागद, सुट्टीचा पास, रेल्वे वॉरंटचं अर्धुक, काही फेकू नका.

बोरी नदी, पारोळा

आमच्याकडे भानगड वेगळीच, आडनावाची. खान्देशात गावंच्या गावं पाटील, घरात खरं आडनाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर पाटील, जमिनीवर तिसरंच. वडील भरतीला गेले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं ते लिहिलं, गावी आले तर आधारला दुसरं. मेडल आलेलं होतं!! पण ज्या नावाने आलं त्या नावाचा माणूस पत्त्यावर नाही म्हणून परत गेलं, आणि हे आम्हाला माहितीच्या अधिकारात शीट रोलची प्रत मागवली तेव्हा समजलं. १० रुपयाची पोस्टल ऑर्डर लावली आणि ३० दिवसांच्या आत उत्तर, ते काम मात्र सगळ्यात लवकर झालं. वडील वारलेले असल्याने मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा जोडला होता. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, शाळेचा उतारा. सगळ्यांना सांगतो, मेडलच्या आधी नाव तपासा. स्पर्शवर (पेन्शनच्या ऑनलाईन पोर्टलवर) वेगळं, बँकेत वेगळं, बुकात वेगळं असं असेल तर आधी ते एक करा.

सातपुड्याची लेक, शहादा

मी लिहिणार नव्हते. माझ्या मिस्टरांना काश्मीरमधे शौर्यासाठी सेना मेडल मिळालं होतं, घरात फोटो आहे, जनरल साहेब छातीला लावतायत. ते पेन्शन आले, शेती केली, नंतर आजारपणात गेले. शौर्याच्या सेना मेडलला महिन्याला भत्ता असतो, २०१७ पासून तो २००० रुपये आहे, हे मला पुतण्याने सांगितलं तेव्हा कळलं. त्यांच्या पीपीओवर मेडलचा उल्लेखच नव्हता, त्यांनी कधी भत्ता घेतलाच नाही, आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मागितला पण नसता.

एका टेबलावर मला सांगण्यात आलं की फोटो कोणाचाही असू शकतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. घरी येऊन फोटो परत भिंतीला लावताना हात थरथरत होते. पुतण्याने भारताच्या राजपत्रातली ती यादी शोधली, त्यात नंबर, रँक, नाव सगळं. शौर्य पुरस्कार राजपत्रात छापून येतात, त्यामुळे तो पुरावा कोणाला नाकारता येत नाही. त्यावरून पार्ट टू ऑर्डर झाली आणि सुधारित पीपीओ निघाला, कॉरिजेंडम म्हणतात. थकबाकी आली त्यातून मी त्यांच्या नावाने गावच्या शाळेला पाण्याची टाकी बसवून दिली. सेना मेडल दोन प्रकारचं असतं, शौर्याचं आणि विशिष्ट सेवेचं, भत्ता शौर्याच्याला, म्हणून बायांनो, कागदावर कंसात काय लिहिलंय ते बघा.

अमळनेरकर फौजी

माझं झालं नाही. श्रीलंकेत होतो १९८८ मधे, शांतिसेनेत, स्पेशल सर्व्हिस मेडल श्रीलंका क्लास्पसह (रिबनवरच्या नावाच्या पट्टीसह) मिळायला पाहिजे. तीन अर्ज, तिन्ही वेळा नोंद आढळत नाही. साक्षीदार दोन होते, एक मागच्या पावसाळ्यात गेला. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जायचं का विचार चाललाय, मुंबईला बेंच आहे. जाफन्याची उष्णता अंगात आहे माझ्या, कागद नसला तरी.

जुना बाबू, धुळे

जिभाऊ, शेवटचं नकाराचं उत्तर कधी आलं ती तारीख सांगा. न्यायाधिकरणात त्यापासून सहा महिन्यांची मुदत धरतात, उशीर झाला असेल तर उशिराचं कारण लिहून माफीचा अर्ज सोबत देता येतो. आणि ती तीन उत्तरं वाचू द्या मला, "नोंद आढळत नाही" आणि "पात्र नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात दार उघडं असतं. दुसरा साक्षीदार आहे त्याचं प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घ्या.

भुसावळचा पोऱ्या

एक विचारू का, वाईट वाटून घेऊ नका. कॅन्टोन्मेंटच्या दुकानात सगळी मेडल मिळतात ना, आजोबांसाठी तिथून घेऊन लावली तर? त्यांना १५ ऑगस्टला आनंद होईल.

घाटातला ड्रायव्हर, साक्री

पोरा, तुझं मन चांगलं आहे म्हणून सांगतो. सरकारने दिलेल्या मेडलच्या कडेला नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. माझं आलं तेव्हा मी चष्मा लावून आधी ती कड फिरवून वाचली. दुकानातून आणायचं ते नोंद असलेल्याने, मूळ मेडल जपून ठेवायला. नोंद नसताना लावलं तर तुझ्या आजोबांना आतून टोचेल, फौजी माणूस आहे. हरवलं असेल तर गोष्ट वेगळी, मग पोलीस स्टेशनचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र देऊन पैसे भरून दुसरं मागता येतं. आजोबांचं बुक बघ आधी.

गिरणामाय, चाळीसगाव तालुका

पाच महिन्यांनी लिहितेय. बाबूकाकांनी दोन्ही अर्ज स्वतः तपासून दिले, धुळ्याला त्यांच्या घरी गेलो तर काकूंनी आधी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली आणि मगच कागद काढू दिले. २५ व्या वर्षाच्या मेडलची नोंद झाली, पत्र आलंय. मेडल यायचं आहे.

पूर्वी स्टारला साक्षीदार पाहिजे होता. आप्पांना एकच नाव आठवत होतं, चोपड्याकडचे एक नाना, एकाच प्लाटूनला होते, ७३ नंतर भेट नाही. चोपडा तालुक्यातल्या माजी सैनिकांकडे विचारत विचारत सापडले. फोनवर दोघं अहिराणीत बोलत होते, नानांना ऐकू कमी येतं म्हणून आप्पा ओरडून बोलत होते आणि सगळी गल्ली गोळा झाली. परवा आम्ही चोपड्याला गेलो. नानांकडे पूर्वी स्टार आहे, डबीत, कडेला त्यांचा नंबर कोरलेला. आप्पांनी ती हातात घेतली, कड वाचली आणि परत दिली, लावून बघा म्हटलं तर नको म्हणाले.

नानांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, आधी आर्मी नंबर, मग नाव. मी सहज त्यांचं डिस्चार्ज बुक बघायला मागितलं. पूर्वी स्टार आहे, संग्राम आहे, २५ व्या वर्षाचं नाही. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांची सून म्हणाली, आम्ही हे बुक कधी उघडलंच नाही हो.

काका, नानांसाठी आप्पांचाच अर्ज नाव बदलून चालेल का?

जुना बाबू, धुळे

नाही, वेगळा करू. नंबर वेगळा, तारखा वेगळ्या. बुकच्या सगळ्या पानांचे फोटो आज रात्री पाठवा, कोरी पानं पण.