गारा, वादळ, तुटलेल्या तारा : लाईट परत येईपर्यंतचे तुमचे अनुभव लिहा

लष्करची_लेक :
काल संध्याकाळी ग्वाल्हेरात गारा झाल्या. आमच्या गल्लीत कडुलिंबाची फांदी तारांवर पडली, तारा जोडणारा जम्पर उडाला, सगळं अंधारात. बसल्याबसल्या आत्याची फार आठवण आली. १९९८ च्या जानेवारीत ती कॅनडात, क्यूबेक प्रांतात मॉन्ट्रियलजवळ राहायची. तिथे वर पाऊस आणि जमिनीलगतची हवा शून्याखाली, त्यामुळे पाणी ज्याला लागेल तिथेच गोठायचं. ५ तारखेपासून १० पर्यंत हेच चाललं. तारांवर मनगटाएवढा बर्फ. लाकडी खांब मोडलेच, पण लोखंडी मनोरेसुद्धा एकामागोमाग एक आडवे झाले. क्यूबेकमध्ये तेरा-चौदा लाख ग्राहकांची वीज गेली, काही गावांत तर महिना उलटला तरी नव्हती. आजी रोज एसटीडी बूथवर जाऊन बसायची, फोन लागायचा नाही. मग पत्र आलं. स्वतःबद्दल दोन ओळी आणि पानभर त्या तारा जोडणाऱ्यांबद्दल. थंडीत बोटं चालत नाहीत तरी वर चढतात, खाली गावातल्या बायका गरम सूप घेऊन उभ्या असतात, असं लिहिलं होतं. आपल्याकडे "आली!" म्हणून ओरडतो आणि कामाला लागतो. कोणी आणली ते बघायला कोणी बाहेर जात नाही. मला त्यांच्याबद्दल वाचायचंय. लिहा.

मुरारकर :
आली का मग? आमच्याकडे रात्रीच आली.

लष्करची_लेक :
पहाटे आली हो.

चंबळकाठ :
इकडे भिंडच्या बाजूला मोहरी आडवी, गहू आडवा. ओंब्या भरत आलेल्या. वडील सकाळपासून बांधावरच बसलेत, जेवायला येत नाहीयेत. लाईटचं नंतर लिहितो.

लष्करची_लेक :
अरे देवा. काकांना आधी घरी आण, चार घास खायला घाल. पटवाऱ्याला कळवलंस का? फोटो काढून ठेव तारखेसकट.

तारमास्तर :
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नोकरी तारांवरच झाली, आता निवृत्त. मे-जूनची आंधी आली की आम्ही जेवण अर्धं टाकून निघायचो. फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाईन, ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) की सबस्टेशनवाला एकदा ब्रेकर लावून बघतो. टिकला नाही तर लाईन पायी बघायची. टॉर्च खांबाच्या टोकावर मारत शेतातून चालायचं. कुठे तार धरून ठेवणारी चिनी मातीची डिस्क फुटलेली, कुठे पतंगाचा मांजा, कुठे झाड. सापडलं की लाईन बंद ठेवल्याचं परमिट घ्यायचं, सप्लाय बंद झाला हे स्वतः तपासायचं, डिस्चार्ज रॉड लावून तार अर्थ करायची (जमिनीला जोडायची) आणि मगच वर. लोक खालून ओरडतात, "अजून किती वेळ?" हा वेळ त्यातच जातो आणि तो जायलाच हवा.
एक हात जोडून सांगणं आहे. जनरेटर लावणार असाल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (तो बाहेरची लाईन तोडून घर जनरेटरवर घेतो) लावू नका. घरातला करंट उलटा डीपीत, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरतो आणि तिकडून ११ हजार व्होल्ट होऊन बाहेर पडतो. माझा जोडीदार असाच गेला. लाईन बंद होती, परमिट हातात होतं. त्याची मुलगी तेव्हा दुसरीत होती.

सौ_तानसेननगर :
🙏🙏 हे माहीतच नव्हतं. आजच ह्यांना सांगते, खालच्या दुकानात जनरेटर आहे.

पोहेप्रेमी_इंदूर :
मास्तर, वाचून हात थांबला. त्या मुलीचं पुढे काय झालं?

तारमास्तर :
शिकली. आता नर्स आहे. राखीला येते.

सौ_तानसेननगर :
बरं वाटलं वाचून. माझं वेगळंच आहे. मागच्या वादळात लाईट गेलीच नाही, उलट बल्ब एकदम पांढरेफट्ट पेटले, पंखा गरागरा, आणि टीव्हीतून धूर. शेजाऱ्यांकडे मात्र मिणमिणता उजेड. असं का होतं?

तारमास्तर :
न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला असणार. मग घराला २३० च्या जागी ४०० पर्यंत मिळू शकतात, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे जास्त चढतात. असा उजेड दिसला की आधी मेन स्विच पाडा, फोन मग.

धुकं_आणि_डिस्क :
मी ट्रान्समिशनमध्ये आहे. आपल्याकडे तारांवर बर्फ नाही साचत, पण जानेवारीतलं धुकं कमी नाही. वर्षभराची धूळ चिनी मातीच्या डिस्कवर बसलेली, ती दमट झाली की तिच्यावरूनच करंट सरकतो आणि लाईन ट्रिप. पहाटे तीनला मनोऱ्याखाली उभं राहिलं की चर्रचर्र ऐकू येतं. म्हणून थंडीआधी डिस्क धुतात, बऱ्याच ठिकाणी पॉलिमरच्या लावल्यात. आणि ३० जुलै २०१२ आठवतंय ना? पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन ट्रिप झाली आणि उत्तरेचा अख्खा ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बसला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही. साठ कोटींहून जास्त माणसं. वादळ नाही, गार नाही, लाईनवर नुसता जास्त भार.

मुरारकर :
आठवतंय तर! बाबा दवाखान्यात होते. नर्स हाताने पंप दाबत होती, आम्ही बायको आणि मी आळीपाळीने टॉर्च धरला. बाबा वाचले.

माँट्रियलचा_भाचा :
ताई, मी मॉन्ट्रियलजवळच असतो आता. ५ एप्रिल २०२३ ला पुन्हा तसाच पाऊस झाला, ११ लाखांच्या आसपास ग्राहक अंधारात. पण ह्या वेळी मनोरे उभे होते, झाडांच्या फांद्यांनी गल्लीतल्या तारा पाडल्या, म्हणून बहुतेकांची काही दिवसांत आली. ९८ नंतर मधूनमधून जास्त मजबूत मनोरे घातलेत, एक पडला तरी सगळी रांग जाऊ नये म्हणून. क्यूबेकमधल्याच लेव्हीला तर तारांतून डीसी करंट सोडून बर्फ वितळवायची सोय केलीय. ९८ ला मॉन्ट्रियलशेजारच्या बुशरव्हिलमध्ये रेल्वेचं इंजिन रुळावरून उतरवून रस्त्याने आणलं होतं, त्याच्या विजेवर नगरपालिकेची इमारत चालवली. इथले म्हातारे अजून सांगतात.

लष्करची_लेक :
आत्याच्या पत्रात इंजिनाचं आहे! आम्हाला वाटायचं ती लहान मुलांसाठी रचून सांगते.

बडोदेकर_काकू :
आमच्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत आलं तेव्हा लाईट मुद्दाम बंद ठेवली होती, डीपीच पाण्यात. राग आला होता सगळ्यांना. पाणी उतरल्यावर ती मुलं गुडघाभर चिखलात एकेक मीटरपेटी सुकवून तपासत होती. चहा द्यायला गेले तर म्हणाली, मावशी, आधी हात धुवायला पाणी द्या.

सौ_तानसेननगर :
कोणाला माहीत आहे का, पाडव्यासाठी चक्का टांगून फ्रिजमध्ये ठेवला होता, रात्रभर फ्रिज बंद. चालेल का?

बडोदेकर_काकू :
वास घ्या. आंबूस असेल तर श्रीखंड नको, कढी करा. फ्रिज उघडझाप केला नसेल तर राहिला असेल.

मुरारकर :
मास्तर, आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाची तार फार खाली आलीय. मुलं खाली क्रिकेट खेळतात. कुठे सांगू?

तारमास्तर :
१९१२ लावा. बिलावरचा आयव्हीआरएस नंबर हाताशी ठेवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तोवर मुलांना तिथे खेळू देऊ नका, आणि बॅट उंच करून तार दाखवू तर मुळीच नका.

चंबळकाठ :
वडील जेवले. पटवारी उद्या येतोय. विहिरीवरची मोटर अजून बंद आहे, खांब वाकलाय, पण लाइनमन दुपारी येऊन बघून गेला.