हलव्याच्या दागिन्यांत मोती, काळे मणी आणि चार्म्स मिसळायचेत, दाणे टिकतील कसे?

निळी_जास्वंद

नमस्कार मंडळी. दादाचं लग्न यंदा झालंय, वहिनीची पहिली संक्रांत आहे, त्यामुळे हलव्याचे दागिने घरीच करायचे असं मी आणि आईने ठरवलंय. तयार सेट भरपूर मिळतात, तुळशीबागेत फिरून बघून आले, पण बहुतेक सगळे पुठ्ठ्यावर सोनेरी कागद आणि त्यावर चिकटवलेला हलवा असेच दिसले. फोटोत छान दिसतात पण घालून तासभर हळदीकुंकवात फिरायचं म्हटलं तर कडक वाटतात, मान वळवली की टोचतात.

माझ्या डोक्यात असं आहे की सगळं नुसतं हलव्याचं न करता त्यात मोती, खरे काळे मणी, थोडे घुंगरू आणि छोटे चार्म्स घालायचे, पतंग, सुगड वगैरे. सेटमध्ये तन्मणी, मंगळसूत्र, कुड्या, नथ, बाजूबंद, आणि हातात चार्म्सचं ब्रेसलेट. दादासाठी हार आणि नारळ आई करणार आहे.

आता अडचणी. एक तर हलव्याला भोक पाडता येत नाही, सुई घातली की दाणा फुटतो. दोऱ्यात बांधला तर सटकतो. दुसरं म्हणजे आम्ही मुंबईत, जानेवारीत हवा जरा कोरडी असते पण तरी हलवा चार दिवसात चिकट व्हायला लागतो. तिसरं, कुड्या आणि नथीला वजन किती चालेल? आणि शेवटचं, माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं बोरन्हाण पण त्याच आठवड्यात आहे, त्याच्यासाठी मुकुट, बासरी, बाजूबंद याच सामानातून करता येईल का? प्लीज सविस्तर सांगा, ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी तर नक्की लिहा.

पाटलीबांगडी

अगं खूप छान ठरवलंयस, घरच्या दागिन्यांची सर कशालाच नाही. मी बरीच वर्षं ऑर्डरी घेते त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, कंटाळू नकोस.

पहिली गोष्ट, हलव्यावर वजन टाकायचंच नाही. हलवा दिसायला असतो, ओढ सहन करायला दोरा, तार आणि कापड असतं. हे एकदा डोक्यात ठेवलंस की कुठे काय वापरायचं ते आपोआप सुचतं. तन्मण्याचे पदर खऱ्या भोकाच्या मोत्यांचे ओव, दोन-दोन मोत्यांच्या मधे एक-एक हलवा बांधून घे, आणि खालचं खोड, म्हणजे पेंडंट, ते पूर्ण हलव्याचं कर. लांबून सगळा हलव्याचाच वाटतो आणि तुटत मात्र नाही.

आता बांधायचं कसं. दाणे निवडताना काटेरी हलवाच घे, गुळगुळीत दाणा कितीही घट्ट बांधला तरी निसटणार. तुझे दाणे त्यामुळेच सटकत असणार. दोरा दुहेरी घ्यायचा, एक गाठ मारायची, दोन्ही पदर जरा फाकवून मधे दाणा ठेवायचा, एक पदर दाण्याच्या पुढून आणि एक मागून जाऊ द्यायचा, आणि दाण्याला अगदी लागून दुसरी गाठ मारायची. गाठ आवळताना दोरा नखाने हलकेच काट्यांच्या मधल्या खाचेत बसवायचा, काट्यांच्या टोकावर राहिला तर काटा मोडतो आणि दोरा ढिला पडतो. मोठा दाणा असेल तर अशाच दोन जोड्या एकमेकींना काटकोनात, म्हणजे चारी बाजूंनी पकड येते. पांढरा रेशमी दोरा किंवा बारीक जरीचा दोरा वापर, नायलॉन नको, त्याची गाठ घसरते.

दाणे आधी चाळून घे. वेगवेगळ्या भोकांच्या दोन चाळण्या घेतल्यास की तीन आकार वेगळे होतात. हे काम कंटाळवाणं आहे पण कुडीला याच्याशिवाय पर्याय नाही. कुडीचं फूल म्हणजे मधे एक आणि भोवती सहा, सातही दाणे एकाच मापाचे असले तरच भोवतीचे सहा एकमेकांना आणि मधल्याला बरोब्बर टेकतात. एखादा जरी मोठा असला की फूल वाकडं होतं आणि सहावा दाणा मावतच नाही. कुडीसाठी जाड फेल्टची गोल चकती काप, त्यावर हे फूल दोऱ्याने टाचून घे, मागून दुसरी चकती लाव आणि दोन्हीच्या मधे कानातल्याच्या दांडीची पत्री दाबून चिकटव. वजन अगदी कमी होतं. दांडी चांदीची किंवा स्टीलची घे, स्वस्त धातूत निकेल असतं आणि त्याने बऱ्याच जणींचे कान लाल होतात.

नथीसाठी मुख्य तार साधारण २० गेजची, तिला आकार द्यायचा, आणि दाणे बांधायला २८ गेजची. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक हे दुकानात लक्षात ठेव, उलटं मागितलं जातं. नथीत मात्र मोती जास्त आणि हलवा कमी, मधला एखादाच टपोरा दाणा हलव्याचा आणि बाजूला मोती, लाल-हिरवा खडा. आणि दाबाची कर, म्हणजे नाक टोचलेलं असो नसो, घालता येते.

मंगळसूत्राला काळे मणी नेहमीसारखे ओवायचे. वाट्यांसाठी माझी आवडती युक्ती सांगते, कापडाने मढवलेली घुमटाकार बटणं घे. त्यांना मागे कडी असते त्यामुळे ओवायला आयती सोय, आणि कापडावर बारीक हलवा सुईदोऱ्याने टाचता येतो.

राहिले चार्म्स. सुगड वगैरे एअर ड्राय क्लेचे करणार असशील तर ते बरेच आधी करून ठेव. माती वरून सुकलेली वाटते पण आत ओल असते आणि ती ओल शेजारचा हलवा शोषून घेतो. पूर्ण वाळल्यावर रंग, त्यावर वॉर्निशचा हात, आणि तेही वाळू दे. पतंग जाड कागदाचा दोन्हीकडून रंगवून केलास तर हलका राहतो. प्रत्येक चार्म जंपरिंगने, म्हणजे उघडून बंद करता येणाऱ्या छोट्या कडीने, साखळीला लाव आणि हलव्याचे झुबके त्यांच्या मधे ठेव, म्हणजे हात हलला की धातूची वस्तू हलव्यावर आपटणार नाही. घुंगरू मनगटाच्या खालच्या बाजूला नकोत, तिथे टेबलावर घासून दाणे झडतात.

खसखस_हलवा

पाटलीबांगडी ताईंनी बांधणीचं सगळं सांगितलंय त्यामुळे मी फक्त चिकटपणावर लिहिते, कारण हलवा मी घरी करते आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

हलवा विकतचा असो की घरचा, तो शेवटी साखरच. शुद्ध साखर हवेतली ओल तशी लवकर ओढत नाही, दमटपणा साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेला की मग सुटायला लागते. पण पाकात लिंबू पिळलं असेल तर साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि फ्रुक्टोज ओल फार पटकन ओढतं. मिठाईच्या पाकात लिंबू घालतात ते साखर परत जमू नये म्हणून, हलव्यात तर आपल्याला साखर जमायलाच हवी असते. त्यामुळे दागिन्यांचा हलवा घरी करणार असाल तर पाकात लिंबू अजिबात नको. मळ काढायला चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाका, तेवढं पुरतं.

काटा येण्यासाठी घाई चालत नाही. तीळ, खसखस किंवा साबुदाणा, जे असेल ते परातीत मंद आचेवर, चमचाभर पाक टाकायचा, बोटांनी सतत हलवत राहायचं, पूर्ण कोरडा झाला की मगच पुढचा चमचा. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना धरतात आणि काटा बसतो. कोरडी थंड हवा असली की काटा सुरेख येतो, म्हणून पुण्या-नाशकाकडे हे काम सोपं जातं आणि मुंबईत जरा चिकाटी लागते. पंखा बंदच ठेवा, दाणे एकसारखे गरम राहत नाहीत. टपोरा दाणा हवा असेल तर साबुदाणा किंवा शेंगदाणा, लांबट पाकळीसाठी खरबुजाच्या बिया, कळीसाठी लवंग. लवंगेचा हलवा बाजूबंदात आणि बिंदीत फार देखणा दिसतो, आणि लवंगेच्या दांड्याला दोरा मस्त बांधता येतो!

आणि गोंद. पांढरा फेव्हिकॉल पाण्यातला असतो, थर जाड दिला की तो सुकेपर्यंत हलव्याचं बूड विरघळतं, काटे बसतात आणि दाणा पिवळट दिसतो. वापरायचाच तर टाचणीच्या टोकाने ठिपका द्या. जमेल तिथे टाचाच.

झालेला दागिना हवाबंद डब्यात, खाली सिलिका जेलच्या पुड्या, वर बटरपेपर. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, बाहेर काढलं की गार दाण्यांवर दव धरतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

निळी_जास्वंद

बापरे, किती छान सांगितलंत दोघींनी! लवंगेचा हलवा मी पाहिलाच नव्हता, आता नक्की करणार. चाळणीचं आजच आईला सांगितलं, ती म्हणाली आजी असंच करायची. अजून एक, काळी चंद्रकळा आहे वहिनीची, सिल्क, तिच्यावर साखरेचे डाग पडतील का? आणि बोरन्हाणाचं कोणीतरी सांगा ना.

पाटलीबांगडी

डाग पडू शकतात. घाम आला की गळ्याजवळचे दाणे ओले होतात, तेच साडीला लागतात. म्हणून तन्मण्याचं खोड, बाजूबंद, कमरपट्टा या सगळ्याला मागून काळ्या मखमलीचं अस्तर लाव. कातडीला आणि साडीला मखमल लागते, हलवा वरच राहतो. शिवाय काळ्यावर पांढरा हलवा जास्त उठून दिसतो ते वेगळंच.

अंगतपंगत

बोरन्हाणाचं मी लिहिते कारण माझं या बाबतीत ठाम मत आहे. लहान मुलाच्या दागिन्यात मणी, मोती, घुंगरू, चार्म्स काहीही सुटं नको. मोठ्यांच्या सेटमध्ये जे शोभतं ते वर्ष-दीड वर्षाच्या बाळाच्या हातात पहिल्या मिनिटाला तुटतं आणि दुसऱ्या मिनिटाला तोंडात जातं. मणी घशात अडकतो, आणि टणक हलव्याचा दाणा सुद्धा अडकू शकतो, खायचाच आहे म्हणून तो सुरक्षित असं समजू नका. आजकाल मुकुटात मिणमिणते लाइट बसवतात, त्यातले बटण सेल गिळले गेले तर अन्ननलिका काही तासांत भाजून निघते, ते तर नकोच नको. लोहचुंबकाचे लॉकही नको.

माझा उपाय असा की दागिने कापडावर करायचे. गळ्यात हार न घालता झबल्यालाच पुढच्या बाजूला हाराच्या आकारात हलवा टाचायचा, प्रत्येक दाण्याला वेगळी गाठ, म्हणजे एक सुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. दोरी गळ्याभोवती येतच नाही. बाजूबंद आणि पैंजण मऊ इलॅस्टिकवर, काचणार नाही इतके सैल. मुकुट बक्रमचा, म्हणजे कडक कापडाचा, मागे वेल्क्रो, आणि मोरपीस शिवून टाका, चिकटवू नका. बासरी कागदाची गुंडाळी करून त्यावर रंगीत कापड. हलवा सगळा वरच्या बाजूला, हात पोचणार नाही तिथे. तोंडात जाण्याची शक्यता असते म्हणून सोनेरी रंग, ग्लिटर, गोंद काहीच वापरायचं नाही, फक्त दोरा. आणि फोटो झाले की लगेच काढून ठेवायचं, डोक्यावर बोरं, चुरमुरे, हलवा ओततानाही बाळाच्या जवळ कोणीतरी मोठं माणूस बसलेलंच हवं. बाळही त्यातलं पटकन काहीतरी उचलतं.

दूरदेशी_मैना

मी अमेरिकेत असते, इथे काटेरी हलवा सहज मिळत नाही, घरून पाठवलेला पोचेपर्यंत अर्धा मोडतो. माझ्या पुतणीच्या पहिल्या संक्रांतीला मी थोडा खरा हलवा आणि बाकी पांढऱ्या सीडबीड्सचे, म्हणजे अगदी बारीक मण्यांचे, गोळे असं मिश्रण केलं. लाकडी मण्यावर पांढरे सीडबीड्स सुईने विणून घ्यायचे, पृष्ठभाग तसाच खडबडीत येतो. समोरच्या दर्शनी भागात खरा हलवा, मागच्या पदरांत हे गोळे. वजनालाही बरं.

आणि संक्रांत झाल्यावर ठेवणीत ठेवायचं असेल तर सेटमधला एखादा छोटा भाग, कुडी किंवा ब्रेसलेटचा एक झुबका, क्लिअर रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बसवता येतो. आधी हलवा कडकडीत कोरडा असल्याची खात्री करायची, ओल आत राहिली तर रेझिन धुरकट होतं. एकदम ओतू नका, पातळ थर देत जा, जाड थर जमताना बराच तापतो. हातमोजे आणि खिडकी उघडी, हे विसरायचं नाही. रेझिन लावलेला हलवा अर्थातच कोणी खायचा नाही, वेगळ्या डबीत चिठ्ठी लावून ठेवा, नाहीतर घरातलं पोर तीळगूळ समजून चावेल. माझ्या पुतणीने असा झुबका आता किल्ल्यांना लावलाय आणि सगळ्यांना कौतुकाने दाखवते.

निळी_जास्वंद

रेझिनची आयडिया वहिनीला प्रचंड आवडेल. मग असं ठरवते, तन्मणी आणि मंगळसूत्र पाटलीबांगडी ताईंच्या पद्धतीने, बाजूबंद लवंगेच्या हलव्याचे, आणि बाळाचं झबलं टाचून. ब्रेसलेटमधला एक झुबका नंतर रेझिनमध्ये. ताई, ती कापडाने मढवलेली बटणं तयार कुठे मिळतात? आणि वाटीसाठी केवढं माप घ्यायचं?

पाटलीबांगडी

कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये विचार, ब्लाउजच्या कापडाचीच मढवून देतात. सोनेरी टिश्यूचा तुकडा घेऊन जा, मधून मधून जिथे हलवा नसेल तिथे सोनं चमकतं. माप साधारण पंधरा मिलिमीटर, त्याहून मोठं नको, हलवा लागला की चारी बाजूंनी वाढतं. दोन वाट्यांसाठी चार बटणं मढवून आण, टाचताना एखाद्याचं कापड उसवलं तर हाताशी असू देत.