जीडीपीत शेती वाढली म्हणतात, मग २०२० मध्ये आमचं घर कर्जात काऊन गेलं?

केळापूरकर_पोरगा

नमस्कार सगळ्यांना. एमए अर्थशास्त्र पहिलं वर्ष, अमरावतीला रूमवर राहतो, गाव केळापूर तालुक्यात हायवेपासून आत. सेमिनारला विषय मिळाला आहे, महामारीचा विकसनशील देशाच्या अर्थव्यवस्थेवर परिणाम. नोट्स काढल्या, आकडे पाठ केले, पण एका जागी अडकलो आणि दोन दिवस झाले पुढं सरकतच नाही.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी २३.९ टक्के पडला, हा तेव्हाचा पहिला अंदाज. त्याच तिमाहीत शेती मात्र ३.४ टक्के वाढली. सर वर्गात म्हणाले, शेतीनं देश तारला. मी तेव्हा दहावीत होतो, भूगोलाचा पेपर रद्द झालेली आमची बॅच. मला चांगलं आठवते, समोरच्या खोलीत न विकलेला कापूस पाटईला (छताला) टेकला होता, आम्ही सगळे अंगणात झोपत होतो, कापसानं रात्रभर अंग खाजवायचं आणि आई खोबरेल तेल लावून द्यायची. त्याच वर्षी बाबांनी पहिल्यांदा सावकाराकडून पैसे घेतले, ते अजून पुरते फिटले नाहीत. सात एकर वावर, दुसरं काही नाही.

आता माझा साधा प्रश्न आहे, शेती वाढली हे खरं असेल तर शेतीवरच जगणारं आमचं घर त्याच वर्षी का बुडालं? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? कोणाला माहीत असेल तर समजावून सांगा, आणि त्या वर्षाचं तुमच्या गावचं काही आठवत असेल तर तेही लिहा, मला सेमिनारमध्ये फक्त पुस्तकातलं बोलायचं नाही.

वावर_वणी

भाऊ तुह्या घरचा कापूस वाचून आमचा आठवला. आमच्या घरी बी तेच, ३० क्विंटल पडून होता. लोकं म्हणतात आधीच काऊन नाई विकला, अरे विकला असता ना, पण संक्रांतीनंतर भाव चढते म्हणून दरवर्षी थोडा ठेवतोच माणूस, पोरीचं लग्न काढलं होतं एप्रिलचं तं त्या हिशोबानं ठेवला होता. मार्चात सगळं बंद. जिनिंग बंद, खरेदी बंद, गाडीवाला घराबाहेर निघाले तयार नाई.

मंग खरेदी सुरू झाली तं नोंदणी करा, टोकन घ्या, नंबर लागला की फोन येईन म्हणे. दिवसाले मोजक्याच गाड्या घेत होते. हमीभाव ५५५० लांब धाग्याचा, कागदावर. मी १९ मे ले नोंदणी केली, जून लागला तरी फोन नाई, वरून ढग यायले लागले. एकदा नंबर लागला तं ग्रेडरनं मूठभर कापूस हातात घेतला, दोन बोटानं ओढून पायला अन म्हणाला हा एफएक्यूत, म्हंजे हमीभावाच्या दर्जात, बसत नाई, पिवळा पडला. पिवळा पडनच ना बापा, चार महिने टिनाखाली ठेवला तं. गाडीचं भाडं अंगावर घेऊन वापस आणला अन गावातच खेडा खरेदीवाल्याले ४००० नं देला. पेरणी तोंडावर, बियाणं घ्याचं होतं, थांबतो कसा.

आता मले सांगा, माह्या वावरात कापूस तेवढाच पिकला ना? पिकला. सरकारच्या वहीत तो पिकलाच. पण माह्या खिशात क्विंटलमागं दीड हजार कमी आले. तुह्या सरले हे विचार.

अर्थशास्त्र_दारव्हा

वरच्या दादांनी जे शेवटी लिहिलं तेच खरं उत्तर आहे, मी फक्त त्याला जरा अभ्यासाची भाषा देतो. कॉलेजवर शिकवतो म्हणून थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तो ३.४ टक्क्यांचा आकडा स्थिर किमतींवर आहे, म्हणजे २०११-१२ चं वर्ष पाया धरून. त्यात माल किती निघाला हे मोजलं जातं, तुम्ही तो कितीला विकला हे त्यात जवळपास उतरतच नाही. कापूस ४००० ला जावो की ५५५० ला, आकडा हलत नाही. दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची, एप्रिल ते जूनच्या आकड्यात रब्बी येते, गहू, हरभरा, आणि सोबत दूधदुभतं वगैरे. तुमचा कापूस ऑक्टोबर ते जानेवारीत वेचला, तो आधीच्याच तिमाह्यांत मोजून झाला. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही अंगणात झोपून खाजवत होता त्या दिवशी तो कापूस देशाच्या हिशोबात कधीचाच जमा झालेला होता, तुमच्या हिशोबात मात्र आलाच नव्हता.

आता मुख्य मुद्दा, कारण सेमिनारचा विषय विकसनशील देश असा आहे. विकास म्हणजे ढोबळमानानं काय, तर माणसं शेतीतून निघून कारखान्यात, बांधकामात, सेवाक्षेत्रात जातात. पन्नास वर्षं आपण त्याच दिशेनं हळूहळू चाललो होतो. महामारीत ती गाडी उलटी फिरली. सरकारच्याच पीएलएफएस या रोजगाराच्या पाहणीत बघा, २०१८-१९ मध्ये कामावर असलेल्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते, २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाले, २०२०-२१ मध्ये ४६.५. वावर तेवढंच, धुरा तोच, त्यावर राबणारे आणि खाणारे हात वाढले. शेतीचं उत्पादन तीन टक्के वाढलं आणि वाटेकरी त्याहून जास्त वाढले तर एकेकाच्या वाट्याला काय येईल ते तूच काढ. शेतीनं देश तारला असं म्हणताना देशानं आपला सगळा बेरोजगार शेतीच्या अंगावर टाकला हेही सांगावं लागते.

श्रीमंत देशांशी फरक इथंच पडतो. अमेरिकेनं २०२० मध्ये बहुतेक लोकांच्या खात्यात माणशी १२०० डॉलर टाकले. आपल्याकडं मे महिन्यात २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात मोठा वाटा कर्ज, हमी आणि बँकांतली रोकड याचा होता. थेट हातात काय, तर जनधन खातं असलेल्या बाईला महिन्याला ५०० रुपये, तीन महिने. ज्याचा धंदाच बंद आहे त्याला कर्ज घेऊन काय करायचं? पण आपल्याकडं ९० टक्क्यांच्या आसपास कामगार असंघटित, त्यांची पगाराची नोंद नाही, पीएफ नाही, मदत पोचवायची कुठं हाच प्रश्न होता. ही अडचण खरी आहे, नुसतं सरकारच्या नावानं बोटं मोडून तुझा सेमिनार होणार नाही.

एक काम कर. घरी गेला की बाबांना विचारून तेव्हाचा घरचा हिशोब मांड, शेतीतून किती, मजुरीतून किती, बाहेरून कोणी पाठवत होतं का ते किती. मग परत इथं लिही.

नागपुरी_स्पष्टवक्ता

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. शेतीकामाला लॉकडाऊनमध्ये सूट होती, रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट होतं, आमच्या नागपुरात दुकानदार सहा सहा महिने शटर पाडून बसले, भाडं चालू, नोकरांचे पगार डोक्यावर, त्यांना ना रेशन ना अनुदान. खेड्यात निदान कोणी उपाशी झोपलं नाही. मग सारखं शेतकरी बुडाला, शेतकरी बुडाला कशाला?

उमेद_ताई

दादा, शटर पाडून बसलेल्यांचं दुःख मला कळते, माझा भाऊ मंडपाचं काम करतो, त्याची दोन सीझन लग्नं गेली. पण उपाशी झोपलं नाही हे एवढ्या सहज लिहू नका. मी बचत गटांचं काम करते, २० मध्ये दारोदार फिरली आहे.

रेशननं जीव वाचला हे शंभर टक्के खरं. पण ज्यांचं नाव प्राधान्य यादीत नाही, केशरी कार्ड, त्यांना फुकट नव्हतं, मे महिन्यात गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं सुरू झाला. आणि घर नुसत्या गहू तांदळावर चालते का? तेल, मीठ, मिरची, गॅस, मोबाईलचा रिचार्ज, ह्याला नगद लागते. आमच्याकडं नगद आणायचं काम बायकांचं, शुक्रवारच्या बाजारात टोपलीभर वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर विकून दोनतीनशे आणायच्या. आठवडी बाजार बंद झाला तशी ती नगद त्याच दिवशी बंद. कोंबड्यांचं तर त्याच्याही आधी झालं, चिकननं कोरोना होते अशी फेब्रुवारीतच अफवा उठली आणि ज्या बाईनं गटाचं कर्ज काढून शेड टाकलं होतं तिच्या कोंबड्या कोणी उचलेना, रोज खाद्य घालायचं आणि रोज तोटा मोजायचा.

आणि कर्जाचं कोणी बोलत नाही. मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची सवलत होती, बायकांना वाटलं हप्ता माफ झाला. माफ नव्हता, नुसता पुढं ढकलला होता, व्याज चालूच होतं. एका फायनान्स कंपनीचा पोरगा जूनमध्येच दारात येऊन बसला, जाच नाही दिला त्यानं, फक्त बसून राहिला, दुपारभर. शेजारी बघत होते. त्या बाईनं संध्याकाळी मंगळसूत्राचे मणी काढून ठेवले आणि वाट्या गहाण टाकून हप्ता भरला, ते मणी तिनं काळ्या दोऱ्यात ओवले ते मी डोळ्यानं पाहिलं आहे. तिची पोरगी नववीत होती, ऑनलाईन वर्ग सुरू झाले तेव्हा घरात एकच मोबाईल आणि तो भावाच्या हातात. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं, वीस लोकांत, खर्च वाचला म्हणून सगळे खूश. हे कोणत्या तिमाहीत मोजता सर?

चंद्रपूर_गोंडपिपरी

आमच्या बाजूचं कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. आमच्या गावातून दरवर्षी फेब्रुवारीत लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात, घरंच्या घरं बंद, म्हातारे तेवढे मागं. मजुरी बरेचदा वाळल्या मिरचीतच घेतात, पोते घेऊन येतात आणि इथं आणून विकतात, त्यावर पावसाळा निघते. २०२० मध्ये सगळे तिकडंच अडकले. महिना गेला, मग पायी निघाले, नदी ओलांडून, जंगलानं, डोक्यावर लेकरू. मिरचीचे पोते तिथंच सोडावे लागले, पायी चालताना पोतं कोण उचलते? दोन महिन्याची मजुरी दुसऱ्याच्या खळ्यात राहिली. आले तर १४ दिवस शाळेत ठेवले, तोवर मोहफूल वेचायचे दिवस निघून गेले होते. तेंदूपत्त्यावर आशा होती, पण त्या वर्षी आमच्याकडं ठेकेदार उशिरा आला आणि भाव पाडून मागितला.

रोजगार हमीनं मात्र हात दिला, हे मी मुद्दाम सांगतो. मजुरी २०६ ची २३८ झाली होती. तळ्याच्या कामावर आमच्या गावचे पदवी झालेले पोरं पण टोपली घेऊन उभे होते.

अर्थशास्त्र_दारव्हा

रोहयोचं बरं आठवलं. ही योजना मूळची आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, ती पुढं २००५ मध्ये देशाचा कायदा झाली. २०२०-२१ ला बजेटमध्ये ६१,५०० कोटी होते, मे महिन्यात वरून ४०,००० कोटी द्यावे लागले, आणि साडेसात कोटीच्या वर कुटुंबांनी त्या वर्षी काम घेतलं, आदल्या वर्षी साडेपाच कोटीच्या आत होती. खेड्यात सगळं ठीक असतं तर भर उन्हात माती उचलायला दोन कोटी घरं जास्तीची आली असती का, हे नागपूरच्या मित्रांनी सांगावं.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. ते मोजलं जात नाही.

नागपुरी_स्पष्टवक्ता

मणी काळ्या दोऱ्यात ओवले हे वाचून गप्प झालो ताई. मी घाईनं लिहिलं. माझे शब्द मागं घेतो.

वावर_वणी

अजून एक लिहाचं रायलं. नंतर भाव आले ना, ऑगस्ट २१ मध्ये सोयाबीन १० हजाराच्या वर गेलं, २२ च्या सुरुवातीले कापूस बी १० हजार. टीव्हीवर दाखवे शेतकरी मालामाल. पण ऑगस्टात सोयाबीन कोणाच्या घरी असते बापा? माल व्यापाऱ्याकडं. सोयापेंड आयातीची परवानगी देली, आमचं सोयाबीन निंघाले आलं अन भाव अर्ध्यावर. अन २० च्या खरिपात आमचं सोयाबीन उगवलंच नव्हतं धड, दुबार पेरलं, मंग खोडमाशी. मधी २१ मध्ये दुसरी लाट. आमच्या इकडं गावागावात माणसं गेली. माह्या साल्याले आठ दिवस दवाखान्यात ठेवलं, वाचला थो, पण दोन एकर गेलं. एकदा वावर गेलं की भाव किती बी येवो, वापस येत नाई.

केळापूरकर_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी गावी आलो, दारव्ह्याच्या सरांनी इथं सांगितलं तसं बाबांना विचारलं. बाबा काही बोलले नाहीत, उठून कपाटातून वही काढून दिली. बाबा सगळं लिहितात हे मला माहीतच नव्हतं, डिझेलसुद्धा.

कापूस घरी पडला होता २२ क्विंटल. विकला ४१०० नं, ९०,२०० आले. हमीभावानं १,२२,१०० आले असते, म्हणजे तोटा ३१,९००. मी इतकी वर्षं समजत होतो की आम्हाला कापसानं बुडवलं.

पण त्याच वहीत दर महिन्याच्या ७ तारखेला एक ओळ आहे, "मोठा – ६०००". माझा मोठा भाऊ चाकणला कंपनीत ठेकेदाराकडं होता, तो पाठवायचा. मार्चपर्यंत ओळ आहे. एप्रिलपासून नाही. तो मेच्या शेवटी कसाबसा घरी आला आणि संक्रांत झाल्यावर परत गेला, एप्रिल ते जानेवारी, १० महिने, ६०,०००. कापसाच्या तोट्याच्या जवळपास दुप्पट. आईचा बाजार वेगळाच, तो बाबांनी लिहिलाच नाही, आई म्हणते माझा हिशोब कोण ठेवते.

म्हणजे आमचं घर शेतीवर चालते हेच मी चुकीचं धरून बसलो होतो. वावर आमचं होतं, पण घर चाकणच्या पैशावर उभं होतं. सर, वाटेकरी वाढले म्हणाले ना तुम्ही, भाऊ त्या वर्षी आमच्याच सात एकरात डवरणीला होता. पाहणीवाले आले असते तर त्याला शेतीत काम करणारा म्हणून लिहून गेले असते.

सावकाराची नोंद १२ जून २०२० ची आहे, ४०,०००, बियाणं आणि खत. तिच्यासमोर बाबांनी पेन्सिलनं लिहिलं आहे, "मोठा गेला की देऊ". सेमिनार येत्या गुरुवारी आहे. वही सोबत नेऊ का विचारलं, बाबा म्हणाले ने, पण ओली करू नको.