मदत हवी आहे: वैयक्तिक दिवाळखोरी आणि एलआयसीचे मॅच्युरिटीचे पैसे

भाऊ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीनदार होता. बँकेने त्याच्याविरुद्ध मुंबई एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दिवाळखोरी संहितेच्या कलम ९५ चा, म्हणजे घेणेकऱ्याने करायचा दिवाळखोरीचा अर्ज केलाय. त्याची एन्डोमेंट पॉलिसी मार्चमध्ये मॅच्युअर होतेय. बॉण्डची मागची पानं दोनदा उलटून पाहिली, असाइनमेंटची (पॉलिसी दुसऱ्याच्या नावे केल्याची) नोंद नाही. पॉलिसीवर कर्ज नाही, हप्ते थकलेले नाहीत. १८७४ च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली (ज्यात पैसे बायको-मुलांसाठी राखीव राहतात) ती घेतलेली नाही, तो पर्याय पॉलिसी घेतानाच असतो.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ७९(१४) मध्ये बोजा नसलेली आयुर्विमा पॉलिसी वगळलेली मालमत्ता (घेणेकऱ्यांना हात लावता न येणारी) आहे, हे वाचलंय. एजंट म्हणतो निर्धास्त राहा. सीए म्हणतात, संरक्षण पॉलिसीला आहे, खात्यातल्या पैशाला नाही. वहिनीचा घरखर्च यावरच आहे, म्हणून अंदाज नकोत. कोणी प्रत्यक्ष असं प्रकरण हाताळलंय का? रक्कम खात्यात जमा झाल्यावरही वगळलेलीच धरतात का?