येलोनाइफचा उन्हाळा : तो लाल नकाशा बघून तिकिटं रद्द करायची का?

उत्तरेकडचा
मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून धागा काढतोय. मी कॅनडात येलोनाइफला असतो, नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी, एडमंटनपासून गाडीने साधारण १४५० किमी उत्तरेला. दरवर्षी एप्रिल-मे आला की उन्हाळ्यातल्या तापमानाच्या अंदाजाचा नकाशा येतो, त्यात आमचा सगळा पट्टा लालभडक, आणि अर्ध्या तासात साताऱ्याहून आईचा फोन, "अरे तिकडे परत आग लागणार म्हणे?" यंदा आईबाबा जूनमधे यायचेत आणि नेमकं तिकिटं काढायच्या दिवशी आमच्या बंधुराजांनी तो नकाशा फॅमिली ग्रुपवर टाकला. झालं. बाबा म्हणतात पुढच्या वर्षी बघू.

माझं म्हणणं एवढंच की त्या नकाशावरून बेत मोडणं म्हणजे पेपरातलं राशिभविष्य वाचून रजा टाकणं. तो अंदाज तीन महिन्यांच्या सरासरी तापमानाचा असतो. उष्ण, नेहमीसारखा, थंड असे तीन खण, काहीच अंदाज नसेल तर प्रत्येकाला ३३ टक्के. समजा उष्णचा खण ५० वर गेला म्हणून नकाशा रंगला. म्हणजे अजून निम्मी शक्यता दुसऱ्या बाजूला आहेच की! पावसाचा अंदाज तर त्याहून कच्चा. आणि आग लागते ती कोरडी, म्हणजे पावसाविना, वीज कुठे पडली आणि पुढचे चार दिवस वारा कुठून सुटला यावर, ते मे महिन्यात कोण सांगणार? नकाशा छापा, पण आगीचं भाकीत म्हणून फिरवू नका.

एडमंटनकर
अजिबात सहमत नाही. तुम्ही २०२३ विसरलात का? १६ ऑगस्टला संध्याकाळी येलोनाइफ सोडायचा हुकूम निघाला, वीस हजारांचं गाव, जंगलाची आग सोळा-सतरा किमीवर आणि बाहेर पडायला एकच रस्ता. आमच्या बेसमेंटमधे दोन कुटुंबं होती, एक तमिळ आणि एक आपलं नागपूरचं, ६ सप्टेंबरला हुकूम उठेपर्यंत. तीन आठवडे रोज सकाळी चहाच्या आधी सगळे फोनवर आगीचा नकाशा बघायचे.

आणि निम्मी शक्यता म्हणजे कमी वाटते तुम्हाला? घर जळायची शक्यता एक टक्का पण नसते तरी विमा काढतोच ना आपण. विमानं, हेलिकॉप्टर, माणसं ऐन आगीत मिळत नाहीत, त्या वर्षी देशभरात दीड कोटी हेक्टरच्या वर जळलं, सगळ्या प्रांतांना एकदम मदत हवी होती, पार दक्षिण आफ्रिकेहून माणसं आणावी लागली. ही बोलणी आधीच करून ठेवावी लागतात आणि त्यासाठी हाताशी तो लाल नकाशाच असतो.

उत्तरेकडचा
अहो विसरतोय कसला, मीच होतो त्या रांगेत. हिने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण घेतला, पासपोर्ट घेतले आणि का कोण जाणे कुकर घेतला, शिट्टी राहिली घरीच. मॅकेन्झी नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत काटा पाव टाकीच्या खाली, पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसते काळे खांब उभे आणि मधेच एखाद्या बुंध्यातून धूर. परत आलो तर फ्रीजमधल्या कोथिंबिरीचं काळं पाणी झालेलं आणि फर्नेसचा फिल्टर काढला तो तव्याच्या बुडासारखा.

सरकारने तो नकाशा बघावा, जरूर बघावा, तिथे माझं भांडण नाहीच. पण सरकारचा निर्णय वेगळा आणि माझ्या आईचा वेगळा. तिला पाच आठवडे यायचंय, हजारो हेक्टरचा बंदोबस्त करायचा नाहीये.

दमेकरी
आग आग काय करताय, धुराचं बोला. मला दमा आहे आणि मी आगीपासून शेकडो किमी लांब राहून २०२३ चा जून घरात कोंडून काढलाय. इथे हवेचा आरोग्य निर्देशांक १ ते १० असतो आणि त्याच्या वर गेला की नुसतं '१०+' लिहितात, पुढे मोजतच नाहीत! दुपारी चारला दिवे लावले होते आम्ही, सूर्य केशरी गोळीसारखा. आईबाबांपैकी कुणाला छातीचा त्रास असेल तर गावाजवळ आग लागो न लागो, फरक पडतो. येलोनाइफचं हॉस्पिटलसुद्धा तेव्हा रिकामं केलं होतं हे लक्षात घ्या.

रत्नांग्रीचा बाबू
मधेच विचारतो, रागावू नका. इतका श्रीमंत देश, आग लागली की लगेच विझवत का नाहीत? आमच्याकडे वणवा लागला तर गाव फांद्या घेऊन धावतं, वनखातं आधीच जाळरेषा काढतं.

चाफेकळी
बाबू, तिथलं जंगल किती आहे त्याचा आधी अंदाज घे. २०२३ मधे एकट्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधे साधारण ४० लाख हेक्टर जळलं, म्हणजे पालघर ते सिंधुदुर्ग अख्खा कोकण विभाग धरलास तरी त्याहून मोठं. आणि सगळ्या टेरिटरीत माणसं किती, तर पंचेचाळीस हजारांच्या आसपास. त्यामुळे वस्ती, रस्ता, वीज यांना धोका नसेल तर आग नुसती नजरेखाली ठेवतात. शिवाय त्या जंगलाला आग नवीन नाही, जॅक पाइनचं बोंड राळेने घट्ट बंद असतं, चटका बसला की उघडतं आणि बी पडतं. तिथले मूळनिवासी डेने लोक पूर्वी वसंतात मुद्दाम थोडं थोडं गवत जाळायचे, आपल्याकडे राब भाजतात तसंच नाही, हेतू वेगळा, पण आगीशी ओळख तशीच.

आता धाग्याचा विषय. दोघंही आकाशाकडे बघताय, जमिनीकडे बघा. तिथे 'ड्राउट कोड' म्हणून आकडा काढतात, जमिनीतला खोलवरचा पालापाचोळा आणि पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर) किती वाळलंय त्याचा. तो हिवाळ्यात आपोआप शून्यावर येत नाही, शरदात कोरडं राहिलं आणि बर्फ कमी पडला तर पुढच्या वसंतात कोरडेपणाची उधारी घेऊनच सुरुवात. पीटमधली धग तर बर्फाखाली अख्खा हिवाळा जिवंत राहते, त्याला 'झॉम्बी फायर' म्हणतात, २०२३ च्या अशा कितीतरी आगी २०२४ मधे परत धुमसायला लागल्या. त्याच २०२४ मधे येलोनाइफ ज्याच्या काठी आहे त्या ग्रेट स्लेव्ह लेकचं पाणी नीचांकाला गेलं होतं, मॅकेन्झीवरचे सामानाचे बार्ज रद्द करावे लागले. हे कळायला भाकीत लागत नाही, किनाऱ्यावर जाऊन धक्का बघितला तरी कळतं.

एडमंटनकर
चाफेकळीताई, तुमच्या बोलण्याने माझाच मुद्दा पक्का होतोय. जमीन आधीच कोरडी आणि वरून उष्ण उन्हाळ्याचा अंदाज, मग दोन्ही मिळून बघायला नको? जूनमधे तिथे सूर्य रात्री साडेअकराला मावळतो, वीसेक तास ऊन, रान सुकायला रात्र मिळतच नाही. 'हे रिव्हर' (Hay River) नावाच्या गावाचं बघा, २०२२ च्या मे मधे पूर, २०२३ च्या मे मधे आग, गाव रिकामं, परत ऑगस्टमधे रिकामं, आणि शेजारचं एंटरप्राइज तर जवळजवळ सगळंच गेलं. त्या लोकांना 'घाबरू नका' सांगायला जाल का?

उत्तरेकडचा
एंटरप्राइजला पेट्रोल भरायला थांबायचो आम्ही दर वेळी, त्यावर मी काही बोलणार नाही. पण लोकांना दर मे महिन्यात तोच लाल रंग दाखवत राहिलं ना तर लोक बघायचंच बंद करतात, आमच्या शेजाऱ्याने या वर्षी बॅगसुद्धा भरून ठेवलेली नाही, म्हणतो दरवर्षीचंच आहे. मला ही भीती जास्त वाटते. आम्ही उन्हाळ्यात आठवड्याचा अंदाज बघतो, आगवाल्यांचा एक साधा ठोकताळा आहे, हवेतली आर्द्रता टक्क्यांत जितकी तिच्यापेक्षा तापमानाचा आकडा वर गेला की त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात, त्या दिवशी ठिणगीही नको. हे आईला पण समजतं.

गोंधळी
दोघंही बरोबर आहात आणि काका अजूनही साताऱ्यातच आहेत 😄 तारीख बदलता येणारी तिकिटं काढा की.

दमेकरी
आणि मेडिकल विमा. आणि घरात हवा गाळणारा हेपा फिल्टर आत्ताच घेऊन ठेवा, पहिला धूर आला की दुकानात एक मिळत नाही.

उत्तरेकडचा
घेतला फिल्टर. बाबांना डॉक्टरकडे पाठवलंय, छाती तपासून घ्या म्हटलं, दमेकरींचं ते पटलं मला. तिकिटं ४ जूनची, तारीख बदलता येणारी, थोडी महाग पडली. नकाशाबद्दल माझं मत आहे तेच आहे, एडमंटनकर, पण तुमच्या बेसमेंटचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करून ठेवा. कुकरची शिट्टी या वेळी गाडीच्या ग्लव्ह बॉक्समधेच ठेवलीये.