मदत हवी आहे: १.५ केईव्हीचे एक्स-रे, मायलारची डिश आणि पेशीतला खरा डोस

नमस्कार मंडळी,

कल्चरमधल्या पेशींना ॲल्युमिनियम टार्गेटचे, म्हणजे सुमारे १.५ केईव्हीचे (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) एक्स-रे द्यायची मांडणी आम्ही लॅबमध्ये उभी करतोय. ट्यूब, शटर, हेलियमची नळी हे जमलंय (नुसती एक सेंटिमीटर हवाच तीन-चतुर्थांश बीम खाते, त्यामुळे हेलियम लागतोच). अडलंय ते डिश आणि डोसपाशी (डोस म्हणजे दर वस्तुमानामागे पेशीत शोषली गेलेली ऊर्जा).

नेहमीच्या प्लास्टिक डिशच्या तळातून या ऊर्जेचं काहीच वर येत नाही. म्हणून स्टीलच्या रिंगवर मायलार (पातळ पॉलिएस्टर फिल्म) ताणून त्यावर पेशी वाढवतो आणि किरण खालून देतो. मीडियम वर तसंच राहतं, पेशी सुकत नाहीत. ६ मायक्रॉनच्या मायलारमधून निम्म्याहून कमी बीम पार होतो, ३ मायक्रॉनमधून साधारण दोन-तृतीयांश, म्हणून ३ चीच घेतली. पण तिच्यावर काही पेशी छान चपट्या बसतात, काही गोलच राहतात. ऑटोक्लेव्हमध्ये फिल्मला सुरकुत्या पडतात, त्यामुळे ७० टक्के इथेनॉल आणि मग यूव्ही असं करतो. फायब्रोनेक्टिनचा (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) थर देऊन कोणाला फरक पडलाय का?

पसरण्याचा एवढा आग्रह का, तर ५ मायक्रॉन उंच पेशीच्या माथ्यावर तळाच्या साधारण निम्मा डोस पोचतो आणि १० मायक्रॉनच्या गोल पेशीच्या माथ्यावर साधारण पावच. एकाच डिशमध्ये, एकाच वेळी! मग सर्व्हायव्हल कर्व्हच्या (कोणत्या डोसला किती पेशी जगतात त्याचा आलेख) आडव्या अक्षावर कोणता डोस मांडायचा, तळाचा की केंद्रकातला सरासरी? मला केंद्रकाचाच योग्य वाटतो. इथले फोटोइलेक्ट्रॉन (एक्स-रे शोषले गेल्यावर सुटणारे इलेक्ट्रॉन) ०.१ मायक्रॉनही जात नाहीत, ऊर्जा शोषली जाते तिथेच जिरते. पण त्यासाठी केंद्रकाची उंची जिवंत पेशीतच मोजायला हवी, फिक्स केल्यावर (रसायनाने मारून जशाच्या तशा टिकवल्यावर) पेशी आक्रसतात. कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर (थरागणिक प्रतिमा घेणारा) तेलात बुडवायचा ऑइल ऑब्जेक्टिव्ह लावला की पाणीदार नमुन्यातली उंची फुगून दिसते. वॉटर इमर्शनवर (पाण्यात बुडवायच्या ऑब्जेक्टिव्हवर) कोणी मोजली असेल तर पद्धत सविस्तर लिहा.

आता डोस मोजण्याचं. ईबीटी३ या डोसनुसार रंग बदलणाऱ्या फिल्मचा सक्रिय थर दोन्ही बाजूंनी १२५ मायक्रॉन पॉलिएस्टरमध्ये बंद असतो, ती इथे बाद. उघड्या थराची तशीच एचडी-व्ही२ फिल्म वापरायचा विचार आहे. तिचं जास्त ऊर्जेवर केलेलं कॅलिब्रेशन १.५ केईव्हीला चालवून घेता येईल, की एक्स्ट्रापोलेशन चेंबर (इलेक्ट्रोडमधलं अंतर बदलून डोस मोजणारा आयनीकरण कक्ष) बनवावाच लागेल? हा चेंबर स्वतः बांधलेल्या कोणी खिडकीसाठी कोणती फिल्म वापरली तेही सांगा.