ब्लॅक बेल्ट झाला की लगेच शिकवायला बॅच द्यायची?

ब्लॅक बेल्ट झाला की पोराला लगेच शिकवायला बॅच देऊन टाका, असं काहीजण म्हणतात, ते मला नाही पटलं. तायक्वांदोत कुक्कीवॉन, म्हणजे कोरियातलं तायक्वांदोचं मुख्य केंद्र, १५ वर्षांखालच्या लेकरांना डॅन, म्हणजे मोठ्यांची ब्लॅक बेल्टची पायरी, देतच नाही, पूम ही लेकरांची वेगळी पायरी देतं, पट्टा अर्धा लाल अर्धा काळा.

पण शिकवायची सवय लवकर लावावी हे खरंय. परभणीत आमच्याकडं नववीतल्या एका पोरीला मी फक्त वॉर्मअप अन् नवीन लेकरांची फ्रंट किक एवढंच द्यायलोय. आधी नुसती ओरडायची, गुडघा वर, गुडघा वर, कुणी ऐकंना, आता खाली बसते, सहा वर्षांच्या लेकराचा गुडघा हातानं धरून वर उचलते अन् मग म्हणते, हां, आता मार. लई बरं वाटतं बघून. मात्र मी हॉल सोडत नाही अन् स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर लढायचा सराव, तिच्याकडं अजिबात देत नाही.